इकारसची भुवई

"नाक चुकलंय," डिम्फना म्हणाली.

चित्रकार हुब्रेख्तनं तिच्या हातून भिंग घेतलं आणि चित्रावर धरलं. तळहाताएवढं वासराचं चामडं, आणि त्यावर स्केल्ट नदीकाठचा अख्खा मुलूख: गलबतं, पवनचक्क्या, मेंढ्या, लांबवर अँटवर्पचे मनोरे. वर उजव्या कोपऱ्यात, बापानं केलेले पंख लावून सूर्याच्या फार जवळ गेलेला आणि त्यांचं मेण वितळून कोसळणारा ग्रीक पुराणातला मुलगा, इकारस. त्याचं डोकं मसुरीच्या दाण्याएवढं. त्या दाण्यावरचं नाक चुकलं होतं.

"काय चुकलं, बाई?"

"सरळ काढलंत. त्याचं मोडलेलं होतं. एका बाजूला कललेलं."

एरवी गिऱ्हाइकाशी वाद घालणं हा हुब्रेख्तचा एकमेव छंद. इथे त्यानं नुसती मान डोलावली. राजाच्या पगार थकलेल्या फौजेनं शहर तीन दिवस लुटलं, त्याला चार वर्षं होत आली होती. तेव्हापासून एक रीत पडून गेली होती. त्या तीन दिवसांत ज्यांचे मुलगे गेले, त्या आया चित्रकाराकडे येत आणि इकारसला आपल्या मुलाचा चेहरा लावून घेत. कॅथलिक पाद्री आणि नवे उपदेशक यांचं कशावरच एकमत नव्हतं, पण यावर दोघंही गप्प बसले. ग्रीकांकडून तक्रार येण्याचा संभव नव्हता. रीतीचा नियम एकच: काय झालं, कसं झालं ते विचारायचं नाही. वर्णन ऐकायचं आणि काढायचं.

हुब्रेख्तनं असे एकोणीस इकारस काढले होते. एकोणीसही देखणे, एकोणीसही वर झेपावणारे. खाली हात पसरून उभा असलेला बाप. एका आईनं तर सूर्यच पुसायला लावला होता.

डिम्फनाचं सगळं उलटं. काळी शाल घेऊन ती पहिल्यांदा आली तेव्हाच म्हणाली होती, "पडतानाच दाखवा. डोळे उघडे."

"आणि खाली बाप?"

"बाप नको."

आता हुब्रेख्तनं ओल्या कुंचल्यानं तो सरळ नाकाचा चेहरा पुसला आणि पुन्हा बसवायला घेतला.

"अहो, जरा गोंडस करा की," त्याची बायको टानेकन म्हणाली. "आई आहे ती. वरवर रागावेल, आतून सुखावेल."

त्यानं नाक मोडलं, पण ओठ थोडे मऊ केले. पुढच्या भेटीत डिम्फनानं भिंग लावलं आणि लगेच खाली ठेवलं.

"हे ओठ कुणाचे?"

"बाई, लोकांना बरं वाटतं, थोडं…"

"लोकांचं लोक बघतील. मला देवदूत नकोय, मास्तर. डाव्या भुवईत व्रण आहे, तो कुठाय? भुवईचे दोन तुकडे झालेत त्यानं." तिनं शालीचं टोक मुठीत घट्ट धरलं. "रोज थोडा थोडा पुसट होतोय तो माझ्या डोळ्यांपुढून. काल दात आठवेनात. सगळा जायच्या आत इथं उतरवा. हे हुकलं तर माझ्यापाशी काहीच उरत नाही."

मग हुब्रेख्त दोन आठवडे खिडकीपाशी वाकून बसला. शिंपल्यांत रंग कालवलेले, कुंचल्याला खारीच्या शेपटीचे तीन केस.

"नाक बुडेल हं शिंपल्यात," टानेकन म्हणाली. "आधीच निळं झालंय."

तो हसला नाही. एकोणीस घरांना आपण गोड थापा विकल्या, असं त्याच्या मनात येत होतं. ही पहिलीच आई, जिला आपला मुलगा होता तसा हवा होता, मोडक्या नाकासकट. चेहरा सुंदर नव्हता. पण असा जिवंत चेहरा त्याच्या हातून पूर्वी कधी उतरला नव्हता.

शेवटच्या खेपेला डिम्फनाबरोबर तिचे दोघे भाऊ आले, योरिस आणि वाउटर. घोड्यांचे व्यापारी. लढाईतल्या दोन्ही बाजूंच्या छावण्यांना ते सारख्याच इमानानं लंगडे घोडे विकत. चित्र घरी नेताना घरच्यांनी एकेकदा भिंगातून मुलाला बघून घ्यायचं, हीही रीतच. हुब्रेख्तनं टोपी काढली. टानेकननं काळा पाव आणि बिअर टेबलावर ठेवली आणि ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

डिम्फना वाकली. भिंगातून तिनं नाक, ओठ, भुवई एकेक करून तपासलं. मग तिनं टेबलाची कड धरली.

"हाच," ती म्हणाली.

हुब्रेख्तच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून तो शिंपले आवरायला लागला.

"योरिस, नीट बघ. घाई नको."

योरिसनं बघितलं, सावकाश. मग भिंग वाउटरकडे गेलं.

"छावणीत हे कुणी माझ्यापाशी बघितलं, तर?" वाउटरनं विचारलं.

"इकारस आहे म्हणायचं."

"आणि ताई, चार वर्षांत त्यानं दाढी वाढवली असेल."

डिम्फनानं चित्र फडक्यात गुंडाळून त्याच्या हातावर ठेवलं.

"मग हात बघ," ती म्हणाली. "माझ्या पोराचा, लीव्हेनचा गळा त्यानं डाव्या हातानं चिरला."