नेन्चोची मडकी

चर्चची घंटा आपोआप वाजली तेव्हा नेन्चो कुंभार मटार सोलत बसला होता.

आठ वर्षांत ती वाजली नव्हती. बाहेरच्या जगात कोणी हा व्हिडिओ गेम चालू केला की ती वाजते, हे खेळातल्या या फ्लोरेन्समधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“अहो, आला! लाल टोपीवाला आला!” त्याची बायको तेस्सा ओरडली. “उठा, जागेवर उभे राहा!”

गल्लीत एकच धांदल उडाली. समोरची रंगारीण लापा खिडकीत जाऊन बसली. शिपाई बूट चढवत धावले. जो तो आपलं वाक्य पुटपुटू लागला. इथला कायदाच तसा. आपसात हवं तेवढं बोला, भांडा, पण लाल टोपीवाल्याला ऐकू जाईल असं प्रत्येकाला एकच वाक्य दिलेलं. नेन्चोचं तर मडकं फुटलं तरच निघायचं. मूठ उगारून त्यानं ओरडायचं, “अरे आंधळ्या, डोळे घरी ठेवून आलास काय!” मडकं नाही फुटलं, तर तोंड बंद.

पण नेन्चो जागेवर गेलाच नाही. गल्लीच्या मधोमध मांडलेली मडकी तो एकेक करून भिंतीकडे सरकवू लागला.

“अहो, हे काय चालवलंय? मडकी मधेच असतात!”

“या वेळी त्याला ठेच लागायला नको.”

तेस्सानं कपाळावर हात मारला. “झालं! पुन्हा तेच दळण!”

आठ वर्षं नेन्चो तेच दळत होता. त्या शेवटच्या दुपारी लाल टोपीवाला याच मडक्यांना अडखळला, आवाजानं शिपाई आले आणि त्यांनी त्याला इथेच आडवा केला. तसा तो शंभरदा मेला असेल. दर वेळी चर्चच्या पायरीवर उठायचा आणि पळत यायचा. त्या दिवशी मात्र उठला नाही. माझ्या मडक्यांनी पोराला खाल्लं, असं नेन्चोनं मनाला लावून घेतलं.

आणि काय दिवस होते ते! लाल टोपीवाल्याला कामं का थोडी होती? सरदाराचं गुप्त पत्र पोचवायचं, सावकाराची मुलगी सोडवायची. ते सगळं सोडून पठ्ठ्या दिवसातून चार-चारदा या गल्लीत यायचा, बाराच्या बारा मडकी फोडायचा, शिव्या ऐकायचा आणि मागं वळून पुन्हा यायचा. बाहेरून त्याला चालवणारं नक्की लहान लेकरू आहे, असं लापा म्हणायची. नेन्चोचा घसा बसायचा, तेस्सा त्याला मधाचं पाणी द्यायची, आणि दोघं पोट धरून हसायची. तसं हसू त्यांच्या घरात पुन्हा आलं नाही.

लाल टोपीवाला गल्लीत शिरला. धावणं कसलं ते! आधी विहिरीवर आदळला, मग भिंतीवर.

“चालवणाऱ्याचे हात सवय विसरलेत गं बाई,” लापा वरून कुजबुजली.

वाट मोकळी होती. तो सरळ निघून जाऊ शकला असता. पण मधोमध थांबला. डावीकडे वळला, उजवीकडे वळला. जागच्या जागी उडी मारली. टोकापर्यंत जाऊन परत आला आणि नेन्चोच्या अगदी तोंडासमोर येऊन उभा राहिला.

माफ कर रे लेकरा, एवढंच नेन्चोला म्हणायचं होतं. पण ते वाक्य त्याला कोणी दिलंच नव्हतं.

“तो काय शोधतोय ते कळत नाही का तुम्हाला?” तेस्सा दातओठ खात पुटपुटली.

लाल टोपीवाला जायला वळला. तेव्हा मात्र नेन्चोला राहवेना. त्यानं एक मडकं उचललं आणि त्याच्या पायाशी दाणकन आपटलं.

“अरे आंधळ्या, डोळे घरी ठेवून आलास काय!”

लाल टोपीवाल्यानं टुणकन उडी मारली. मग भिंतीकडच्या मडक्यांवर असा तुटून पडला की विचारू नका. एक, दोन, पाच, सगळी! नेन्चो दर मडक्याला मूठ उगारून ओरडत होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

आवाज ऐकून शिपाई आलेच. तलवार कशी उपसायची तेही लाल टोपीवाल्याला आठवेना. दोन घावांत तो खापऱ्यांवर कोसळला. जागाही तीच.

नेन्चो मटकन खाली बसला. “संपलं. पुन्हा मीच घात केला.”

तेस्सा चर्चच्या पायरीकडे बघत होती.

पायरीवर लाल टोपी उभी राहिली. तो उठला की फुटलेलं सगळं पुन्हा सांधलं जातं. भिंतीशी बाराही मडकी होती तशी उभी राहिली. आणि तो विहिरीला आदळत, धडपडत, सुसाट गल्लीकडे निघाला.

नेन्चो बघतच राहिला. “अगं, मरणाचं याला काहीच नव्हतं! मग आठ वर्षं का नाही आला?”

“मोठा झाला असेल हो,” तेस्सा म्हणाली. तिनं बाहीनं डोळे पुसले आणि सगळ्यात मोठ्या मडक्याला हात घातला. “धरा तिकडून. मधे घ्या हे, लवकर.”