सात सूत्रे

पावसाच्या मोजक्या नोंदींवरून गोदावरीच्या पुराची उंची आधीच सांगता येते आणि त्यासाठी दोनशे गणिती सूत्रांची काटेकोर छाननी करून सर्वोत्तम अशी केवळ सात निवडली आहेत, असे समितीप्रमुख प्रा. गायधनी यांच्या अहवालात म्हटले होते. २००५च्या पावसाळ्यात घाटावरच्या दुकानदारांना हलण्याचा इशारा याच सूत्रांवरून मिळणार होता. बैठकीत चार सदस्यांनी अहवाल न उघडताच सह्या केल्या.

पाचव्या सदस्य डॉ. मनीषा निकम यांनी तो घरी नेऊन तपासला होता. त्र्यंबकच्या पावसाची एकच नोंद त्यांनी बोटभर वाढवली, तर कागदावरचा पूर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीला बुडवून थेट डोंगरावरच्या पांडवलेण्यांत शिरला. तीच नोंद बोटभर घटवली, तर नदी कोरडी पडली. सातही सूत्रे जुळ्या भावंडांसारखी होती. एकाला जे दिसत नव्हते, ते उरलेल्या सहांनाही दिसत नव्हते.

"मॅडम, पूर यायला दोन महिने आहेत, जेवण मात्र आलंय. सही करून टाका," शेजारचे सदस्य म्हणाले.

"गायधनी सर, दोनशेंतून नेमकी हीच सात कशी निवडलीत?" मनीषाताईंनी संताप गिळून विचारले.

सरांनी चिवड्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली आणि आवाज खाली आणला.



"बाकीची एकमेकांशी भांडत होती, मॅडम. या सातांचं आपसांत पटतं, म्हणून हीच ठेवली. समितीचे सदस्यही मी तसेच निवडले होते. तुमचं नाव त्यात कसं आलं, तेवढं मला अजून कळलेलं नाही."