कुलूपबंद निरोप
इचोड्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात देवश्रीचा बंद पडलेला लॅपटॉप खोलून ठेवला होता आणि दुकानदार नुसती नकारार्थी मान हलवत होता. भीमपूरच्या जंगलाकडेला तिनं वाघाची चाहूल टिपणाऱ्या बारा डब्या बसवल्या होत्या. कुठल्याही डबीजवळून वाघ गेला की वावरातला लाल दिवा लागायचा, आणि डबी कोणती ते देवश्रीला निरोपातून कळायचं. शिकाऱ्यांना वाघाचा माग लागू नये म्हणून हा निरोप कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक अक्षरांत असायचा. एका बॅटरीवर दोन वर्षं चालेल असं हलकं कुलूप तिनं स्वतः घडवलं होतं. ते लावणं प्रत्येक डबीला जमायचं. उघडायची चावी मात्र फक्त या लॅपटॉपमध्ये होती. सहकारी भार्गवनं चावीची नक्कल मागितली, तेव्हा तिनंच त्याला झिडकारलं होतं. आता तिच्या फोनवर डबीचा एक निरोप आला, न वाचता येणाऱ्या अक्षरांचा. पाठोपाठ वावरातून जयवंताबाईंचा फोन आला. "म्याडम, लाल दिवा लागला. आमी नऊ जणी कापूस वेचून राह्यलो. वाघ कोन्या अंगाला हाय?" "मावशी, मला दिसत नाहीये. तुम्ही आधी घरी जा." "जातो ना. पन एक वाट नाल्यातून हाय, एक सागवानातून. कोन्या वाटेनं जावं, तेवढं सांगा." देवश्रीच्या कानाशी फोन पुन्हा थरथरला. पुढच्या डबीचा निरोप आला होता. मावशींना हवं ते उत्तर त्यात होतं, तसंच कुलूपबंद.