टेकलेला ओठ

सकाळी दंत महाविद्यालयातला हिरडी विभाग उघडताच शाल्मलीने संगणक सुरू केला, शस्त्रक्रियेसाठी खुर्चीवर बसलेल्या मावशींच्या गळ्याशी रुमाल बांधला आणि त्यांचा स्कॅन उघडला. तो तिच्याच वर्गातल्या तेजलने काढला होता. “हिरडीची जाडी अशी मोजावी,” म्हणत सरांनी काल तो सगळ्यांना दाखवला होता. शाल्मलीचा स्कॅन त्यांनी असा कधीच दाखवला नव्हता.

तिने चित्र मोठं केलं. ओठ दूर धरणारी प्लास्टिकची चौकट तेजल लावायला विसरली होती. हिरडीला ओठ टेकला होता आणि दोन्ही मिळून एकच जाड हिरडी दिसत होती. खरी हिरडी पातळ असेल, तर आजच्या शस्त्रक्रियेनंतर ती आकसेल, पुढच्या दाताचं मूळ उघडं पडेल. मग तेजल खरी कशी काम करते, ते सरांना कळेल. या विचाराने शाल्मलीला बरं वाटलं.

“डॉक्टर, हसताना वाईट नाही ना दिसणार?” मावशींनी विचारलं. “लेकीचं लग्न आहे.”

शाल्मलीने तेजलला बाजूला बोलावलं. “तुझ्या आदर्श स्कॅनमध्ये ओठ टेकलाय. हिरडी बधिर करून जाडी सुईने मोजून घे.”

तेजलचा चेहरा उतरला. “सरांना सांगणार?”

“तूच सांग. चूक स्वतः कबूल केलीस म्हणून आणखी कौतुक होईल,” शाल्मली म्हणाली, आणि बधिर करण्याचं इंजेक्शन भरून तिच्या हातात दिलं.