पालकाचा ढीग

रंगाऱ्याने ताट बायकोसमोर ठेवलं आणि तो मागे सरून दारात उभा राहिला. ताटात मधोमध मूठभर भात होता आणि कडेने पाच भाज्या, प्रत्येकीचा चमचाभर ठिपका, एकमेकींपासून लांब लांब.

"भातुकली मांडलीत का, भावजी?" मेहुणीने विचारलं. ती पर्स मांडीवर घेऊन बहिणीशेजारी बसली होती. बायकोची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. एवढं जेवण उरकलं की मेहुणी धाकट्या बहिणीला आपल्या घरी घेऊन जाणार होती, आणि गाडीही बोलावून झाली होती.

तापातून उठल्यापासून बायकोच्या तोंडाची चव गेली होती ती गेलीच. काहीही खाल्लं तरी ओला कागद चघळल्यासारखं लागतं म्हणायची आणि दोन-चार घासांत ताट सरकवायची. कपडे अंगावर लोंबायला लागले होते. भाज्या, डाळी, फळं, थोडं थोडं पण रोज वेगळं द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि रंगाऱ्याला उभ्या जन्मात चहापलीकडे काही येत नव्हतं. तरी तो रोज झटत होता. सगळं एका कुकरमध्ये कोंबायचं आणि शिट्ट्या मोजायच्या, हा त्याचा स्वयंपाक. तो लगदा पाहून धडधाकट माणसाचीही भूक मेली असती. माझ्याकडे निदान नीट अन्न तरी पोटात जाईल, हे मेहुणीचं म्हणणं काही खोटं नव्हतं. बायकोनेही लगेच मान डोलावली होती. हल्ली ती कशालाच नाही म्हणत नसे, कशालाच नावं ठेवत नसे, आणि त्याला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटत होती.

म्हणून आज त्याने कामावरची युक्ती घरात आणली. ज्या गिऱ्हाइकाचा रंग ठरत नाही त्याला तो कधी 'कोणता हवा' असं विचारायचा नाही. भिंतीवर तळहाताएवढे नमुने मारायचा आणि चहा प्यायला निघून जायचा. तसेच हे पाच नमुने. भोपळ्याच्या फोडी कडा लाल होईपर्यंत भाजल्या होत्या, बीट किसून दह्यात घातलं होतं, गाजर तिळावर परतलं होतं, वाटाणे लसणाबरोबर वाफवले होते आणि पालक नुसता परतला होता. मीठ, जिरेपूड आणि लिंबू मात्र त्याने एकाच वाटीत कालवलं. रंगसुद्धा एकाच बादलीत कालवायचा असतो, नाहीतर एका भिंतीची छटा दुसरीशी जुळत नाही. भाज्या कच्च्या असतानाच त्यांचे चिरलेले ढीग नजरेने मापले आणि मोठ्या भिंतीला जास्त रंग या हिशेबाने ती वाटी सगळ्यांत वाटली. पालकाचा ढीग सगळ्यात मोठा होता.

बायकोने बीट खाल्लं. मग भोपळा, मग गाजर. कसं लागतंय असं मेहुणीने विचारलं, तेव्हा तिने नुसते खांदे उडवले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि मेहुणी उठून बॅगेकडे गेली. रंगारी दाराच्या चौकटीवरचा रंगाचा एक जुना ओघळ नखाने खरवडत राहिला. ताटाकडे बघायची त्याची छाती होईना.

चमचा ताटात पडल्याचा आवाज आला. बायकोने डोळे घट्ट मिटले होते आणि तोंड वेडंवाकडं केलं होतं. तिला उलटी होतेय असं वाटून तो धावला आणि त्याने तिच्यापुढे ओंजळ धरली. तिने ती बाजूला सारली आणि कसाबसा घास गिळला.

"खारट आहे," ती म्हणाली.

तिने बोटाने पालक कडेला ढकलला.

"अहो, हा पालक. खारटढाण झालाय नुसता. पालेभाजी शिजली की एवढीशी होते, मीठ बेतानं घालावं. ब्रशनं मारलंत का काय?"

आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. तिने जीभ ओठांवरून फिरवली, पुन्हा फिरवली. सावकाश भोपळ्याची फोड उचलून तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली.

"गोड आहे," ती हळूच म्हणाली. वाटाणे खाल्ले. "लसूण करपलाय."

रंगारी तिथेच फरशीवर बसला. तिने अशीच नावं ठेवत राहावं, भाजीला ठेवावीत, त्याला ठेवावीत, संध्याकाळपर्यंत थांबू नये असं त्याला वाटलं. इतका आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. कढईतल्या उरलेल्या पालकात तिने दही ओतलं, चमच्याने थेंबभर तळहातावर घेऊन चाटलं, नाक मुरडलं आणि आणखी दही ओतलं.

"ताई, गाडी परत पाठव," ती आतूनच म्हणाली. "आणि तूही बस जेवायला. भाजी पुष्कळ आहे."

मेहुणीचा अजून विश्वास बसत नव्हता. तिने ताटातला पालक चिमटीने उचलून तोंडात टाकला आणि धावत जाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"अगं बाई," श्वास घेत ती म्हणाली, "हे केलं तरी कोणी?"

मोठमोठ्या बंगल्यांत नवी भिंत बघून पाहुणे हेच विचारायचे, तेव्हा तो कोपऱ्यात मान खाली घालून ब्रश धूत राहायचा. आज त्याने मान वर केली.

"मी," रंगारी म्हणाला.