कॅप्टनच्या मागे

"रांग मोडू नका रे!" भर शर्यतीत कॅप्टन हॉलिस ओरडला, आणि मागच्या एझ्राने सवयीने ब्रेक दाबला.

बॉस्टनजवळच्या त्या सायकल क्लबात नियम ढीगभर होते, पण पहिला मोडायची कुणाची टाप नव्हती: कॅप्टनच्या पुढे जायचं नाही. दर रविवारी तुतारी वाजे, आणि निळ्या कोटांतले बारा सभासद उंच चाकांच्या सायकलींवरून कॅप्टनमागे वरातीच्या चालीने निघत. तीन वर्षांत एकानेही त्याला मागे टाकलं नाही. साहजिकच, आपल्याइतका वेगवान गडी अख्ख्या राज्यात नाही अशी कॅप्टनची खात्री पटली, आणि त्याने सगळ्या क्लबचीच नावं शर्यतीत घातली.

बाहेरगावचे नऊ जण केव्हाच पुढे निघून गेले होते. त्यांना गाठायची ताकद एझ्राच्या पायांत होती. चांदीच्या करंडकासाठी त्याने घरी फळीवर जागासुद्धा करून ठेवली होती. पण समोर कॅप्टनची रुंद पाठ होती, आणि एझ्राचा हात काही ब्रेकवरून निघेना.

शर्यत संपल्यावर कॅप्टनने घाम पुसत मागे वळून पाहिलं. आपली रांग मोजताच त्याची छाती फुगली.

"बाराच्या बारा मागे टाकले!" त्याने बायकोला ओरडून सांगितलं. मग एझ्राच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. मेहनत कर. एक दिवस तूही माझ्या बरोबरीला येशील."

"होय, कॅप्टन," एझ्रा म्हणाला, आणि सवयीने एक पाऊल मागे सरला.