हातमोज्याचं एक बोट

“माझं रक्त तुम्हीच घ्या, सिस्टर,” म्हणत धाकटी नर्स बाही वर सारून पेशंटच्या खुर्चीत बसली.

तासाभरापूर्वी याच खुर्चीतल्या माणसाने हात झटकला होता. नळी निसटली आणि रक्त धाकटीच्या उघड्या बोटावर सांडलं. नखापाशी चिरलेलं होतं. त्या माणसाला एचआयव्ही असल्याचं फाइलीत लिहिलेलं होतं, पण फाइल नंतर उघडली गेली. डॉक्टरांनी गोळ्या लगेच सुरू केल्या, आता तिचं रक्त तपासायला पाठवायचं होतं.

बोट उघडं होतं, कारण शीर चटकन लागावी म्हणून हातमोज्याच्या तर्जनीचं टोक फाडायचं, ही मोठ्या सिस्टरांची विद्या. “सव्वीस वर्षं झाली, मला काय धाड भरलीय?” असं त्या प्रत्येक नवीला हसून सांगायच्या. क्षयाच्या वॉर्डापुढून जाताना मात्र नाकाला रुमाल लावून झपाझप पाय उचलायच्या.

“बाळाला आज पाजू ना मी?” धाकटीने विचारलं. बाळ पाच महिन्यांचं होतं.

“डॉक्टर विचारून सांगतायत. तोवर वरचं दूध द्यायला घरी फोन कर.”

“केला. घेत नाहीये म्हणे. रडतंय.”

हिला मीच शिकवलं, दुसऱ्या कुणी नाही, हे काही केल्या मोठ्या सिस्टरांच्या मनातून जाईना. त्यांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, हातमोजे चढवले. शीर बारीक होती, दिसेचना. त्यांनी सवयीने तर्जनीचं टोक चिमटीत धरलं आणि टर्रकन फाडलं.

धाकटीने हात मागे ओढला.

“दुसरा घाला, सिस्टर.”

“अगं, तुझंच तर रक्त आहे. तुझं कसलं भय मला?”

“मला आहे ना. तुम्हाला काही झालं तर?”

मोठ्या सिस्टरांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी फाटका हातमोजा काढून टाकला आणि खोक्यातून नवा घेतला. झाकलेलं बोट धाकटीच्या कोपरावर ठेवलं, हलकेच दाबलं, जरा सरकवलं, पुन्हा दाबलं. धाकटी वाट बघत राहिली.

शीर सापडली. थोडा वेळ लागला, एवढंच.